आमच्या दत्ताच्या खसऱ्यात ‘व्यवस्थापक कलेक्टर’, मग धर्म आणि सरकार वेगळं ते नेमकं कुठे?

माफीवाला_लष्कर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमचं ग्वाल्हेरला लष्करात एका गल्लीत छोटं दत्तमंदिर आहे (लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती तो भाग, मी फौजेत नाही, बाहेरचे लोक दर वेळी विचारतात). पणजोबांना शिंदे सरकारकडून पूजेअर्चेसाठी माफीची जमीन मिळालेली, गावाबाहेर काही बिघे, तिचं धान्य यायचं त्यात नैवेद्य, तेलवात, दत्तजयंतीचं जेवण सगळं भागायचं. आजोबांनी पूजा केली, बाबांनी केली, बाबा गेल्यावर आता सकाळची आरती मी उरकतो आणि ऑफिसला पळतो, संध्याकाळची काकू बघते. तर मागच्या महिन्यात त्या जमिनीचा खसरा (म्हणजे महसूल दफ्तरातली जमिनीची नोंद) काढला, म्हटलं बघू तरी काय लिहिलंय. भूमिस्वामीच्या रकान्यात देवाचं नाव, शेजारी ‘माफी औकाफ’, आणि पुढे ‘व्यवस्थापक कलेक्टर’. आमच्या घराण्याचं नाव शोधून सापडलं नाही. मला नावाचा मोह नाही (खोटं कशाला बोलू, थोडा आहे).

घरी येऊन कागद टेबलावर ठेवला तो मुलीने वाचला. आठवीत आहे, पुस्तकं हिंदीत. म्हणाली बाबा, उद्देशिकेत आपण पंथनिरपेक्ष आहोत ना, सरकारला धर्म नाही ना, मग कलेक्टर आपल्या दत्ताचा मॅनेजर कसा? आई तिथेच वाती वळत बसली होती, ती म्हणाली पंथनिरपेक्ष नाही गं, धर्मनिरपेक्ष. मग दोघींचं त्या शब्दावरूनच जुंपलं आणि मी तेवढ्यापुरता सुटलो.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. सरकारने देवळातून बाहेर पडावं असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं की आमच्याच भागात माफीच्या दोन देवळांच्या जमिनींवर कॉलन्या उभ्या राहिलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, आणि विकणारे सरकारी लोक नव्हते, पुजाऱ्यांचीच घरं होती. मग कोणाच्या हातात द्यायचं? ज्यांना कायदा कळतो त्यांनी सांगा, ज्यांना नाही कळत ते तर सांगणारच.

निवृत्त_तहसीलवाले

माफीवाले, आयुष्य महसुलात गेलं माझं आणि त्यातलं बरंचसं याच भागात, त्यामुळे हा प्रश्न मला रिटायर झाल्यावरही सोडत नाही असं दिसतंय.

आधी शब्द समजून घ्या. माफी म्हणजे सारा माफ. दरबाराने जमीन दिली, तिच्यावरचा सारा सोडला, बदल्यात पूजा चालू ठेवायची. औकाफ हे वक्फचं अनेकवचन. म्हणजे ग्वाल्हेर रियासतीत देवळांच्या जमिनींचा कारभार ज्या नावाखाली चालला ते नाव अरबी, आणि आमच्या दफ्तरात आजही तसंच लिहितात, कोणी सोवळ्यातल्या पुजाऱ्याने त्यावर हरकत घेतलेली मी तरी बघितली नाही. रियासतीचा स्वतःचा महसूल कायदा होता, ‘कानून माल रियासत ग्वालियर’, आणि माफीचे कवायद, म्हणजे नियम, वेगळे होते. या सगळ्याचा मथितार्थ एकच की पुजारी हा मालक नाही, कूळही नाही. देवाची जमीन देवासाठी सांभाळणारा माणूस. सांभाळली नाही तर दरबार त्याला काढून दुसरा बसवायचा. १९४८ ला मध्यभारत झालं, १९५६ ला मध्य प्रदेश, दरबार गेला आणि दरबाराच्या जागी कलेक्टर आला. तुमच्या मुलीला उत्तर हवं असेल तर अर्धं इथेच आहे, कलेक्टर धर्मात घुसला नाही, तो राजाच्या मोकळ्या खुर्चीत बसला.

आता उरलेलं अर्धं. कायद्याच्या नजरेत देव ही एक व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, ती कोर्टात जाऊ शकते. पण स्वतः सही करू शकत नाही, म्हणून तिला कायम अज्ञान धरतात, अज्ञान म्हणजे वयात न आलेला, हिंदीत नाबालिग. अज्ञान मुलाच्या इस्टेटीला पालक लागतो तसा देवाला व्यवस्थापक लागतो.

पुजारी जमिनी विकायला लागले म्हणून शासनाने १९९४ आणि २००८ मध्ये परिपत्रकं काढून खसऱ्यातून पुजाऱ्यांची नावं कमी करायला सांगितलं. पुजारी संघटना हायकोर्टात गेली, तिथे जिंकली, शासन सुप्रीम कोर्टात गेलं. ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल आहे. त्यात कोर्ट म्हणालं की मालकाच्या रकान्यात फक्त देवाचं नाव, पुजाऱ्याचं नको, कब्जेदार म्हणूनही नको. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं कारण पेपरात तेवढंच आलं. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की कलेक्टर काही सगळ्या देवळांचा व्यवस्थापक होऊ शकत नाही, जे देऊळ शासनाकडे निहित आहे तेवढ्याचाच. तेव्हा आधी हे शोधा की तुमचं देऊळ ‘शासन संधारित’, म्हणजे शासनाच्या ताब्यातल्या देवळांच्या, यादीत आहे का. असेल तर नोंद बरोबर. नसेल तर निकालाची प्रत जोडून अर्ज द्या, नोंद टिकणार नाही.

आणि घटनेचं विचाराल तर अनुच्छेद २५(२)(क) वाचा. धर्माशी जोडलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा इतर ऐहिक गोष्टींचं नियमन सरकार करू शकतं. २६ मध्ये प्रत्येक संप्रदायाला आपली मालमत्ता चालवायचा हक्क आहे पण ‘कायद्यानुसार’ हा शब्द घालून. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून कोर्टं हीच रेघ ओढत आलीत, मंत्र कुठला म्हणायचा ते तुम्ही ठरवा, शेताचा पैसा कुठे गेला ते आम्ही विचारणार. हिशोबाच्या वहीला सोवळं लागत नाही.

कट्टा_बाळ

थांबा थांबा, गुरुदेव दत्त ‘अज्ञान’?? चोवीस गुरू करून पण? 😂

निवृत्त_तहसीलवाले

कट्टाबाळ, हसा हसा. मी नोकरीत नवीन होतो तेव्हा मलाही हसू आलं होतं, साहेबांनी अर्धा तास उभं केलं होतं.

शाळेतली_ताई

मी सरकारी शाळेत शिकवते, ग्वाल्हेरच पण शाळा नाही सांगणार. दादा, तुमची भानगड जमिनीची आहे, मला रोजची वेगळीच दिसते ती लिहिते, विषयाला सोडून वाटली तर सांगा.

जमीन आणि कलेक्टर हे सगळं कागदावरचं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये ठरलं की शाळेत मोठी पूजा करायची, भंडारा करायचा, प्रत्येकाने अमुक वर्गणी. आता मी घरी रोज पूजा करते, सोमवार धरते, माझा पूजेवर राग असायचं कारणच नाही. पण व्हॉट्सॲपवर यादी पडली, ज्याने दिले त्याच्या नावापुढे हिरवी खूण आणि ज्याचे राहिले त्याच्यापुढे काहीच नाही, आणि ग्रुपमध्ये वरचे साहेब पण. आमच्यात एक मुस्लिम मॅडम आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यात आधी दिले आणि दुप्पट दिले. मी म्हटलं अहो कशाला दुप्पट, तर म्हणाल्या उशिरा दिले की कारण विचारतात, कमी दिले की पण विचारतात, दुप्पट दिले की कोणी काही विचारत नाही.

मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. कोणी वाईट बोललं नव्हतं. प्रसाद त्यांनी पण घेतला, हसून घेतला. आणि ऐच्छिकच होतं म्हणे सगळं.

अनुच्छेद २८ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, हे पहिलं. आणि अनुदान किंवा मान्यता असलेल्या बाकीच्या शाळांत कोणालाही, मूल लहान असेल तर पालकांना विचारल्याशिवाय, प्रार्थनेला बसवायचं नाही, हे तिसरं. आता पूजा म्हणजे शिक्षण नाही असं कोणीही म्हणेल आणि कायद्याने कदाचित खरंही असेल. पण यादी कशात बसते?

गोरखी_वाला

ताई तुमचं वाईट वाटलं वाचून, पण हा यादी करणाऱ्या माणसांचा दोष झाला, धर्माचा काय त्यात. मला हे वेगळं वेगळं करणंच पटत नाही. आपल्या ग्वाल्हेरचं बघा की. महादजी शिंद्यांचे गुरू कोण, बीडचे मन्सूरशहा, सुफी फकीर. त्यांची गादी गोरखीत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि शिंद्यांचं देवघर पण तिथेच. महाराज ताजियाला (मोहरमच्या ताबुताला) हात लावायचे, आणि त्याच महाराजांच्या घरात गणपती बसायचा. तानसेन समारोह घ्या, सरकारी कार्यक्रम आहे, पैसा शासनाचा, १९२४ पासून चालू, आणि सुरुवात कशाने होते, हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर सकाळी शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण. मराठी परंपरेतला कीर्तनकार मकबऱ्याजवळ उभा राहून कथा करतो आणि समोर मौलवी साहेब बसलेले. हे काढून टाकायचं का? घटनेत बसत नाही म्हणून?

ओरछ्याला तर देवच सरकार आहे, राम राजा सरकार, पोलीस रोज सलामी देतात बंदूक उचलून. आणि उज्जैनला महाकालाची सवारी निघते तेव्हा पण. माझे आजोबा म्हणायचे, राजे बदलले पण ओरछ्याचा नाही बदलला. आपलं असंच आहे बाबा, मिसळलेलं. भिंत बांधायची कल्पना अमेरिकेची, जेफरसनने १८०२ मध्ये कुठल्यातरी चर्चवाल्यांना पत्र लिहिलं त्यात आली ती, आपण कशाला डोक्यावर घ्यायची.

कट्टा_बाळ

हजची सबसिडी चालायची तेव्हा मिसळलेलं होतं, आपल्या यात्रेला दिलं की घटना आठवते, हे पण लिहा कोणीतरी.

निवृत्त_तहसीलवाले

लिहितो. हजची सबसिडी सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये दहा वर्षांत संपवा म्हणून सांगितलं आणि २०१८ मध्ये सरकारने बंद केली. त्याआधी २०११ मध्ये त्याच सबसिडीला अनुच्छेद २७ खाली आव्हान दिलं होतं, २७ म्हणजे एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर कोणाकडून सक्तीने घेता येणार नाही. कोर्टाने ते फेटाळलं, म्हणालं एकूण कराचा बराच मोठा भाग एकाच धर्मावर जात असेल तर २७ मोडतं, थोडासा गेला तर नाही. आणि आपल्याकडे २०१२ पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे, माझी बहीण रामेश्वरला त्याच गाडीने जाऊन आली, साठीच्या वरच्यांना, आयकर भरत नसतील तर. त्यात अजमेर आणि अमृतसर पण आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी पैसा गेलाय, कोणी एकट्याने रडू नये.

आणि घटनेतच अनुच्छेद २९०क आहे, केरळच्या तिजोरीतून दर वर्षी साडेसेहेचाळीस लाख रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला आणि तमिळनाडूच्या तिजोरीतून साडेतेरा लाख तिथल्या निधीला. आकड्यासकट घटनेत छापलंय. संस्थानाने पूर्वीच देवळांच्या जमिनी घेतल्या होत्या, विलीनीकरणात ठरलेला त्याचा मोबदला. आपली घटना भिंत वगैरे काही बांधत नाही, कुठे दार ठेवायचं ते लिहिते.

दौलतगंज_ते_ल्यों

ग्वाल्हेर सोडून बारा वर्षं झाली, फ्रान्सात ल्योंला असतो. गोरखीवाले, भिंत म्हणाल तर अमेरिकेपेक्षा इथली उंच, आणि ती पण सरळ नाही. ९ डिसेंबर १९०५ चा कायदा, सरकार कुठल्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, मदत करणार नाही. शाळेत २००४ पासून ठळक धार्मिक चिन्हं बंद, माझ्या शेजारच्या शीख मुलाचा पटका त्यातच अडकला. आता गंमत ऐका. १९०५ च्या आधी बांधलेली कॅथेड्रलं कोणाच्या मालकीची? सरकारच्या. आणि गावोगावची जुनी चर्चं बहुतेक नगरपालिकांची. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ ला जळलं तेव्हा मालक म्हणून सरकारच पुढे आलं, पैसा मुख्यतः देणग्यांचा पण काम सरकारी देखरेखीखाली, डिसेंबर २०२४ ला उघडलं. म्हणजे धर्माला सगळ्यात जास्त लांब ठेवणारं सरकार आणि छप्पर गळलं तर निस्तरणार तेच. माफीवाले, तुमच्या कलेक्टर साहेबांना एकटं वाटायला नको म्हणून सांगितलं.

वरून इथे आल्सास-मोझेल म्हणून भाग आहे, १९०५ मध्ये तो जर्मनीकडे होता म्हणून तिथे तो कायदा लागूच झाला नाही, आणि आजही तिथल्या पाद्र्यांना, रब्बींना सरकारी पगार मिळतो. एकाच देशात. ब्रिटनमध्ये तर २६ बिशप अजून वरच्या सभागृहात बसतात.

पण गोरखीवाल्यांना एक सांगावंसं वाटतं, राग मानू नका. तुम्ही जे सांगताय, हरिकथा आणि मिलाद, ताजिया आणि गणपती, ते ‘सारखं’ आहे. माफीवाल्यांची मुलगी विचारतेय ते ‘वेगळं’ आहे. सारखं म्हणजे राजाने सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यात राजा चांगला असावा लागतो. वेगळं असेल तर राजा कसाही असला तरी बिघडत नाही. मी पण तानसेन समारोहाच्या सकाळी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून कथा ऐकलीय, मला ते बंद झालेलं नको. पण तिथे कोणी हजेरी घेत नाही. ताईंच्या शाळेत घेतात.

गोरखी_वाला

राग कशाला. पण राजा कसाही असला तरी बिघडत नाही हे काही मला पटलं नाही, वाईट राजा वेगळं ठेवलेलं पण मोडतो की.

राजवाडा_इंदूर

उशिरा आलो, पण इथे खासगी शब्द कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं, ते पण ग्वाल्हेरच्या लोकांनी, तुमच्याकडे तर चांगला खासगी बाजार आहे लष्करात!

आपण मराठीत प्रायव्हेटला खासगी म्हणतो ना, तो शब्द दरबारातला. राज्याचा पैसा तो दौलतीचा आणि राजघराण्याचा स्वतःचा तो खासगीचा. होळकरांकडे हे दोन हिशोब वेगळे होते आणि खासगी असायची राणीच्या ताब्यात. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, काशी विश्वनाथ १७८० मध्ये पुन्हा उभा केला, सोमनाथ, गया, देशभर घाट आणि धर्मशाळा. इंदुरात रोज कोणीतरी भाषणात हे सांगतं. पण हे क्वचित सांगतात की तो दानधर्म त्यांनी खासगीतून केला. आणि बाई काही निधर्मी नव्हत्या हो, राज्यच शंकराला वाहिलेलं, हुकूम निघायचे ते ‘श्री शंकर’ नावाने. तरी फौजेचा, शेतसाऱ्याचा पैसा वेगळा आणि देवाला वाहायचा पैसा वेगळा. श्रद्धा आणि राज्य एकाच बाईत होतं, पण थैल्या दोन होत्या. मला स्वतःला सेक्युलर वगैरे शब्दांपेक्षा हे लवकर समजतं. गोरखीवाल्यांच्या महाराजांनी ताजियाला हात लावला तो कुठल्या थैलीतून, हा माझा प्रश्न.

आता पुढची गोष्ट. संस्थान विलीन झालं तेव्हा खासगीच्या मिळकती आणि उत्पन्न मध्यभारत सरकारकडे गेलं आणि बदल्यात सरकारने दर वर्षी २,९१,९५२ रुपये त्या धर्मादायासाठी कायमचे बाजूला ठेवायचे ठरले. म्हणजे जी थैली बाईंनी सरकारीपासून मुद्दाम लांब ठेवली ती शेवटी सरकारच्या हातात गेली आणि सरकार देवधर्माला पैसे देणारं झालं. १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. मग मालमत्तांवरून वाद होत होत २०२२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा खासगी ट्रस्ट नाही, सार्वजनिक आहे, १९५१ चा मध्य प्रदेश लोक न्यास कायदा त्याला लागू. नावात खासगी आणि कायद्याने सार्वजनिक! तहसीलवाले काका, त्या कायद्यात न्यासांचा रजिस्ट्रार पुन्हा कोण, कलेक्टरच ना?

निवृत्त_तहसीलवाले

कलेक्टरच. सुटका नाही.

मांडवी_बडोदा

बडोद्याहून. आमच्या सयाजीराव महाराजांनी तर पुरोहितांची परीक्षाच घेतली होती, १९१५ चा हिंदू पुरोहित कायदा, पास झाल्याशिवाय धंदा करायचा नाही आणि यजमानाला मंत्राचा अर्थ त्याच्या भाषेत सांगायचा. विचार करा, सरकार भटजीला मार्क देतंय. आजच्या हिशोबाने केवढी ढवळाढवळ. पण माझी पणजी म्हणे सांगायची की तिला लग्नात काय काय वचन दिलं ते पहिल्यांदा कळलं. तेव्हा सरकारने देवाधर्मापासून दूर राहावं असं एका दमात म्हणणाऱ्यांना मी विचारते, देवळाची दारं सगळ्या जातींना उघडली ती कोणी उघडली? पुजारी मंडळींनी आपणहून? अनुच्छेद २५ मध्येच आहे की सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सगळ्या वर्गांना खुल्या करायचा कायदा सरकार करू शकतं.

आणि आता उलटं पण ऐका. २००६ मध्ये बडोद्यात रस्त्याच्या मधली एक दर्गा पाडण्यावरून शहर पेटलं, लोक गेले, आमच्याकडे कर्फ्यू होता, दूध नव्हतं. हायकोर्टाने सगळीच धार्मिक बांधकामं काढा म्हटलं, सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं आणि त्याच प्रकरणात २९ सप्टेंबर २००९ ला देशभरासाठी हुकूम निघाला की यापुढे सार्वजनिक रस्ते, बागा, सार्वजनिक जागा इथे मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा कशाचंच अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर त्यानंतर एक नवीन देरी, छोटं देऊळ, उभी राहिली. सगळे जाता येता हात जोडतात. मी पण जोडते. काय करणार.

शाळेतली_ताई

मांडवीताई, ते शेवटचं वाक्य मला लागलं.

माफीवाला_लष्कर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, तहसीलला तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी बाबू जेवायला गेलेले, दुसऱ्या दिवशी सर्व्हर, तिसऱ्या दिवशी यादी निघाली. काका, आमचं देऊळ ‘शासन संधारित’ यादीत आहे. तेव्हा नोंद बरोबर, अर्ज वगैरे काही करायचा नाही. बाबांना हे माहीत असावं असा आता संशय येतोय, कारण त्यांनी आयुष्यात कधी खसरा काढला नाही.

मुलीला सगळा धागा वाचून दाखवला. पंथ की धर्म हे भांडण पण मिटलं, घटनेच्या अधिकृत हिंदी पाठात पंथनिरपेक्ष आहे आणि मराठी पाठात धर्मनिरपेक्ष, म्हणजे आजी पण बरोबर आणि नात पण. आई म्हणाली शब्द काही असो, १९७६ मध्ये घातला ना तो, मग त्याआधी आपण काय होतो? याचं उत्तर मी दिलं की शब्द नव्हता, २५ ते २८ पहिल्यापासून होते. हे उत्तर मी इथूनच शिकलो, श्रेय तुमचं.

दोन थैल्यांची गोष्ट मात्र पोरीने धरून ठेवली. तिने वहीत दोन रकाने केलेत, एकात ‘दौलत’ एकात ‘खासगी’, आणि देवळाचा प्रत्येक खर्च विचारून त्यात टाकते. जमिनीचा हिशोब दौलतीत गेला. माझ्या पगारातून येणारं तेल, अगरबत्ती खासगीत. काकूच्या गुडघ्याच्या औषधाला जागा मिळाली नाही.

ताई, तुमच्या यादीबद्दल मी तिला विचारलं, ही कुठे टाकशील? तिने बराच वेळ विचार केला आणि तिसरा रकाना काढला, त्याला अजून नाव दिलेलं नाही.

दत्तजयंतीचं बोलावणं सगळ्यांना आहे. कलेक्टर साहेबांना पण द्यायचं असं तिने ठरवलंय, शेवटी व्यवस्थापक आहेत. पत्र तिनेच लिहिलं, हिंदीत, खाली तळटीप टाकली की येणं ऐच्छिक आहे, वर्गणी नाही, आणि हजेरी घेतली जाणार नाही. मला फक्त सुंठवड्याचं प्रमाण सांगा कोणीतरी, आई म्हणते सुंठ जास्त, काकू म्हणते खोबरं.

मांडवी_बडोदा

खोबरं. सुंठ जास्त झाली की पोरं थुंकतात.

निवृत्त_तहसीलवाले

सुंठ. आणि पत्राची एक प्रत आवक-जावकला नोंदवून घ्या.